‘हॅथ’ म्हणजे ‘हॅज’, पण का?

(प्रस्तावना)

इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. करणाऱ्या मराठी मुलामुलींची शेक्सपिअरची प्रत चाळली की समासात पेन्सिलीच्या नोंदी हमखास सापडतात. हॅथ म्हणजे हॅज. डथ म्हणजे डज. दाऊ म्हणजे यू. शॅल्ट म्हणजे शॅल. अर्थ लागला, परीक्षेपुरतं काम झालं. बाजारातली गाइडं याच्या पुढं जात नाहीत आणि वर्गातही ‘हे जुनं इंग्लिश आहे’ एवढ्यावर विषय मिटतो.

हे ‘जुनं इंग्लिश’ही जरा सांभाळूनच म्हणायला हवं. अभ्यासकांच्या लेखी शेक्सपिअरची भाषा आधुनिक इंग्रजीच, तिची सुरुवातीची अवस्था. प्राचीन इंग्रजी म्हणतात ती पाचव्या शतकात उत्तर समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये शिरलेल्या अँगल आणि सॅक्सन लोकांची. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्या सुमारास तिचा काळ संपत येतो. तिचं एखादं पान आजच्या लंडनकरापुढं ठेवलं तर त्याला एक वाक्यही धड लागायचं नाही. त्यानंतरची तीन-चारशे वर्षं मध्य इंग्रजीची, म्हणजे चॉसरच्या भाषेची. या पुस्तकात गोळा केलेली क्रियापदांची रूपं वाचकाला भेटतात ती बहुधा शेक्सपिअरमध्ये किंवा 1611 च्या बायबलमध्ये. पण त्यांचा जन्म तिथला नाही. काहींचा तर इंग्लंडातलाही नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं : ही रूपं कवींनी चढवलेला साज नाहीत आणि मागच्या लोकांच्या चुकाही नाहीत. एका नीट बांधलेल्या आख्यातव्यवस्थेचे ते उरलेसुरले भाग आहेत. ती व्यवस्था ज्या घराण्यातली, त्याच घराण्यात संस्कृत येते आणि तिच्यामागून मराठीही येते. म्हणून ज्यानं शाळेत दोन-तीन वर्षं का होईना ‘भवामि, भवसि, भवति’ घोकलंय, त्याला या रूपांकडे जाणारी वाट आजच्या सामान्य इंग्रज वाचकापेक्षा जवळची पडते. ती त्याला कुणी दाखवलेली नसते, इतकंच.

या घराण्याची जाहीर ओळख कलकत्त्यात पटली. 2 फेब्रुवारी 1786 रोजी एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात विल्यम जोन्सनं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं सांगितलं, तेव्हा त्यानं बोट ठेवलं ते धातूंवर आणि व्याकरणाच्या रूपांवर. पुढं 1816 साली फ्रान्झ बॉपचं जे पुस्तक आलं आणि ज्यापासून तौलनिक भाषाशास्त्राची सुरुवात मानतात, त्याचा विषयच मुळी संस्कृत क्रियापदं कशी चालतात आणि ग्रीक, लॅटिन, फारसी, जर्मानिक भाषांतली कशी चालतात, हा होता. आपल्याकडे हे नातं ‘मातृ-मदर, भ्रातृ-ब्रदर’ एवढ्यावर उरकतात. ते खरंच आहे, पण शब्द उसने घेता येतात. क्रियापदांचे प्रत्यय सहसा कुणी उसने घेत नाही. ते घरचेच असावे लागतात.

भृ धातू घ्या. वाहून नेणं हा त्याचा अर्थ. आपला ‘भार’ त्यातलाच. भरामि, भरसि, भरति. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपनं गॉथिक भाषेत बायबलचं भाषांतर केलं. गॉथिक ही इंग्रजीच्या कुळातली भाषा, आता मेलेली. तिच्यात हीच रूपं बेरा, बेरिस, बेरिथ अशी दिसतात. इंग्रजीत त्यांची झाली बेअर, बेअरेस्ट, बेअरेथ. संस्कृतात जिथं त, तिथं जर्मानिक भाषांत जिभेचं टोक दातांशी नेऊन हवा सोडल्यासारखा थ, हा याकोब ग्रिमनं 1822 साली मांडलेल्या नियमाचा एक भाग. त्रि आणि थ्री, तनु आणि थिन, त्वम् आणि दाऊ या जोड्या त्याच नियमानं जुळतात. तेव्हा ‘ही बेअरेथ’च्या शेवटी जो थ आहे, तो ‘भरति’तला ति आहे. पुढचा स्वर झिजला, व्यंजन राहिलं.

दुसऱ्या पुरुषाची गोष्ट मराठी माणसाला आणखी जवळची. ‘भरसि’तला सि गॉथिकमध्ये नुसता स झाला. इंग्रजीत त्याच्या मागं ट येऊन चिकटला. याचं एक कारण असं की प्रश्नात आणि काही रचनांत ‘दाऊ’ क्रियापदाच्या लगेच मागं येई आणि बोलताना दोन्ही शब्द एकात मिसळत. त्या गडबडीत सर्वनामाचं पहिलं व्यंजन क्रियापदाच्या शेपटीला लागून राहिलं. ट काढून टाकला की खाली तोच जुना स. आता ज्ञानेश्वरी किंवा तुकोबांची गाथा उघडा. ‘तू करिसी’, ‘तू जाणसी’ अशी रूपं पदोपदी दिसतील. मोरो केशव दामल्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (1911) ई-आख्यात म्हणून ज्यांचा विचार केला, त्यांतलीच ही. बरं, ही रूपं पोथीत राहिली म्हणावं तर तसंही नाही. ‘तू जातोस’, ‘तू होतीस’ असं आपण दिवसातून शंभरदा म्हणतो, आणि त्या प्रत्येकाच्या शेवटचा स हा त्याच सि-चा वारस आहे. ‘दाऊ गोएस्ट’मधला स आणि ‘तू जातोस’मधला स हे भाऊबंद. इंग्रजांनी आपला सतराव्या शतकात टाकून दिला. आपण टाकला तो तिसऱ्या पुरुषाचा त : तो प्राकृतातच गळाला आणि ‘तो रोज पूजा करी’ इथं नुसती ई उरली. इंग्रजांनी मात्र तो थच्या रूपात पुढं हजार वर्षं वागवला.

मग आजच्या इंग्रजीत ‘ही बेअर्ज’, ‘शी सिंग्ज’ म्हणताना जो स लागतो, तो आला कुठून? तो उत्तरेकडून आला. लिंडिसफार्न बेटावरच्या मठात आठव्या शतकाच्या सुरुवातीला लॅटिन शुभवर्तमानांची एक अतिशय देखणी पोथी तयार झाली. दहाव्या शतकात ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूनं त्या लॅटिन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात इंग्रजी प्रतिशब्द लिहिले. पोथी अशी की तिच्यावर रेघ ओढायला कुणाचा हात धजू नये. पण ऑल्ड्रेडनं हे धारिष्ट केलं म्हणून आज आपल्याला त्या काळची उत्तरेकडची बोली माहीत आहे. तिथं त्याच्या हातून कधी थ-ची रूपं येतात, कधी स-ची. म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेत हा बदल तेव्हाच सुरू झाला होता. तो का झाला, याविषयी मतं वेगवेगळी आहेत. दुसऱ्या पुरुषाचा स शेजारी पसरला असं काही जण म्हणतात, व्हायकिंग लोकांच्या सहवासाकडे काही जण बोट दाखवतात. मला पहिलं मत अधिक पटतं.

दक्षिणेत हा स बराच काळ गावंढळ समजला जाई. चॉसरनं ‘कँटरबरी टेल्स’मधल्या रीव्हच्या गोष्टीत केंब्रिजचे दोन विद्यार्थी आणले आहेत, जॉन आणि ॲलन. दोघं उत्तरेकडचे. गिरणीवाला त्यांना फसवायला बघतो आणि शेवटी स्वतःच फसतो. चॉसरनं त्यांच्या तोंडी मुद्दाम उत्तरेची बोली घातली आहे, आणि तिची एक खूण म्हणजे हा स. चौदाव्या शतकातला लंडनचा वाचक तो ऐकून हसत असणार. आपल्या नाटकांत मालवणी किंवा वऱ्हाडी पात्र तोंड उघडताच प्रेक्षागृहात जो हशा पिकतो, तोच हा प्रकार. गंमत अशी की त्या हशाचा विषय असलेला प्रत्यय दोन-अडीचशे वर्षांत लंडनचाच झाला. उत्तर आणि मध्य इंग्लंडातून माणसं राजधानीकडे येत राहिली आणि त्यांच्यासोबत त्यांची बोलीही आली. पहिल्या एलिझाबेथ राणीनं स्वतःच्या हातानं लिहिलेल्या पत्रांत स-ची रूपं मुबलक आहेत.

शेक्सपिअरच्या वेळी दोन्ही नाणी चालत होती, आणि कवीला हे फार सोयीचं होतं. ‘एथ’ लावला की एक अक्षर वाढतं, स लावला की वाढत नाही. ओळीच्या मापात जे बसेल ते घ्यावं. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधलं पोर्शियाचं दयेवरचं भाषण महाराष्ट्रातल्या पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी पाठ केलं आहे. त्यात एका ओळीत तीन क्रियापदं येतात, त्यांतलं पहिलं एथवालं आणि पुढची दोन सवाली. पाठ करणाऱ्यांपैकी कितींच्या ते ध्यानात आलं असेल? ‘हॅथ’ आणि ‘डथ’ मात्र बाकीच्यांपेक्षा जास्त टिकले. फार वापरातले शब्द हट्टी असतात.

1611 च्या बायबलनं मात्र सरसकट ‘एथ’च ठेवला. त्या भाषांतरकारांपुढं विल्यम टिंडलचं काम होतं. टिंडलचा नवा करार 1526 साली छापून झालेला, आणि नव्या भाषांतराचा बराच मोठा भाग शब्दशः त्याचाच. त्यामुळं छापून आलं तेव्हाच ते बायबल बोलण्याच्या भाषेपेक्षा जुनं वाटत होतं. रिचर्ड हॉजेस नावाच्या मास्तरनं 1643 साली शुद्धलेखनावर एक पुस्तक काढलं. त्यात तो सांगतो की आपण लिहिताना शेवटी एथ लिहितो, पण बोलताना स म्हणतो. म्हणजे कागदावर ‘लीडेथ’ असलं तरी वाचणारा ‘लीड्ज’ असंच वाचत असे. आज आपण ते रूप दातांत जीभ अडकवून जसं भारदस्तपणे उच्चारतो, तसं त्या काळचे लंडनकर बहुधा उच्चारतच नव्हते.

आता ‘दाऊ’. इंग्रजीतल्या दुसऱ्या पुरुषाच्या प्रत्ययाचं मरण हे या सर्वनामाच्या मरणाशी बांधलेलं आहे, म्हणून पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण त्याच्यावर आहे. प्राचीन इंग्रजीत हिशेब सरळ होता : एकाला दाऊ, अनेकांना यी. मानापमान नाही. नॉर्मन विजयानंतर दरबारात फ्रेंच शिरली आणि फ्रेंचांची रीतही आली. वरच्याला अनेकवचनानं हाक मारायची. तेराव्या-चौदाव्या शतकापासून इंग्रजीत तू आणि तुम्ही असे दोन थर झाले. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आजच्या इंग्रजी वाचकाला मात्र यावर तळटीपा लागतात.

1603 साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी बाजू मांडणारा एडवर्ड कोक भर न्यायालयात रॅलेला ‘दाऊ’ म्हणाला, आणि मी तुला ‘दाऊ’ म्हणतोय हेही त्यानं ठणकावून सांगितलं. ‘दाऊ’ हे सर्वनाम तेव्हा क्रियापद म्हणूनही चालत असे. आपण ‘अरे-तुरे करणं’ म्हणतो, तेच ते. राणीच्या मर्जीतल्या एके काळच्या सरदाराला अरे-तुरे करणं हा शिक्षेआधीचा अपमान होता, आणि कोकला तो करायचाच होता.

‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकात राणीच्या महालातला प्रवेश आहे. आई मुलाला झापायला सुरुवात करते ती ‘दाऊ’नं : तू बापाला दुखावलंस. मुलगा जवळजवळ तेच शब्द उलटवून देतो, पण ‘यू’ वापरून : माझ्या बापाला तुम्ही दुखावलंत. लगेच आईही ‘यू’वर येते. तीन वाक्यांत तिघांचे, म्हणजे आईचे, मुलाचे आणि मेलेल्या बापाचे संबंध उघडे पडतात, आणि हे सगळं सर्वनामांवर व त्यांच्यामागच्या क्रियापदांच्या शेपट्यांवर चालतं. आजच्या इंग्रजीत या प्रवेशाचं सुलभ रूप केलं तर हा घाव साफ नाहीसा होतो. मराठीत तो जसाच्या तसा उतरू शकतो, कदाचित मुळापेक्षा धारदारपणे. मराठी घरात आईला ‘तू’ म्हणतात. त्या आईला मुलानं एकाएकी ‘आपण’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. आगरकरांनी 1883 साली ‘विकारविलसित’ या नावानं हे नाटक मराठीत आणलं, तेव्हापासून इथल्या प्रत्येक भाषांतरकाराच्या हातात हे हत्यार आहे. इंग्रजांनी ते स्वतःच्या हातानं म्यान केलं.

सतराव्या शतकात ‘यू’ सगळ्यांसाठीच वापरणं सोयीचं ठरलं. कुणाला काय म्हणायचं या पेचातून सुटका! अडून बसले ते क्वेकर पंथाचे लोक. जॉर्ज फॉक्स आणि त्याचे अनुयायी म्हणत, देवापुढं सगळे सारखे. एक माणूस म्हणजे एकवचन, मग तो न्यायाधीश असो की जमीनदार. त्यापायी त्यांनी शिव्या खाल्ल्या, मारही खाल्ला. 1660 साली फॉक्सनं दोघा सोबत्यांसह एक पुस्तकच काढलं, अनेक भाषांतले दाखले देऊन एकवचन आणि अनेकवचन कसं वेगळं ठेवतात हे सिद्ध करणारं. व्याकरणाच्या मुद्द्यावर इतक्या लोकांनी इतका छळ सोसल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. एवढं करून पुढच्या पिढ्यांच्या क्वेकरांत ‘दाऊ’ राहिलंच नाही. कर्म म्हणून येणारं ‘दी’ तेच कर्त्याच्या जागी बसलं आणि क्रियापद तिसऱ्या पुरुषाचं लागू लागलं : ‘दी इज’, ‘दी हॅज’. सर्वनाम वाचवलं, पण स्ट निसटला.

प्रार्थनेत मात्र देवाला ‘दाऊ’च राहिलं, आणि त्यामुळं एक उलटा समज रूढ झाला. इतर कुठं हा शब्द ऐकू येत नाही, देवळात ऐकू येतो, तेव्हा तो फार आदराचा असणार, असं आज बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांना वाटतं. वारकऱ्याला विचारा. विठोबाला ‘आपण’ कोण म्हणतं?

यानंतरचा भाग थोडा कठीण आहे, पण मला स्वतःला तोच सर्वांत आवडतो. ‘ही कॅन’, ‘ही मे’, ‘ही शॅल’ इथं स का लागत नाही? शाळेत सांगतात, ही साहाय्यक क्रियापदं आहेत म्हणून. हे उत्तर म्हणजे प्रश्नच दुसऱ्या शब्दांत. खरं कारण संस्कृतच्या लिट् लकारात, म्हणजे परोक्ष भूतकाळात आहे. विद् म्हणजे जाणणं. त्याची ‘वेद, वेत्थ, वेद’ ही रूपं बनावटीनं भूतकाळातली, अर्थानं वर्तमानातली : ‘मला कळलं’, म्हणून ‘मला माहीत आहे’. पहिल्या आणि तिसऱ्या पुरुषाचं रूप एकच, आणि दुसऱ्या पुरुषाला थ. इंग्रजीत हेच क्रियापद ‘वॉट’ : आय वॉट, ही वॉट, आणि प्राचीन इंग्रजीत दुसऱ्या पुरुषाला ‘वास्ट’. वेद आणि वॉट हे एकच शब्द आहेत. तिसऱ्या पुरुषाला वेगळा प्रत्यय नव्हताच, म्हणून ‘ही कॅन’ला स नाही. दुसऱ्या पुरुषाला जो थ होता, तोच इंग्रजीत ट होऊन ‘शॅल्ट’मध्ये बसला आहे. भरसि-वाल्या क्रियापदांच्या स-मागं ट चिकटला, त्याला या मंडळींचीही फूस होती.

या गटातल्या प्रत्येकाचं पूर्वचरित्र वाचण्यासारखं आहे. ‘कॅन’ ज्ञा धातूचा : जाणतो, म्हणून करू शकतो. ‘मला पोहता येतं’ म्हणताना आपणही माहिती आणि ताकद वेगळी ठेवत नाही. ‘शॅल’ म्हणजे मुळात देणं लागणं, कर्ज असणं. ‘डेअर’ म्हणजे धृष्; मराठी ‘धीट’ त्याच धातूतून आला, आणि ‘डर्स्ट’ हे त्याचं जुनं भूतकाळी रूप. ‘मस्ट’ स्वतःच भूतकाळी; त्याचा वर्तमानकाळ ‘मोट’ आता फ्रीमेसन लोकांच्या विधीतल्या एका वाक्यात तेवढा ऐकू येतो. ‘विल’ मात्र या घरातला नाही. तो मूळचा विध्यर्थी, इच्छेचा; बाकीच्यांत बसून बसून त्यांच्यासारखा झाला.

‘मीथिंक्स’कडे इंग्रजी वाचक अजून चक्रावून बघतो. ‘मी थिंक्स’? कर्त्याच्या जागी कर्म, वर क्रियापदाला स? आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, कारण ते ‘मला वाटतं’ आहे. प्राचीन इंग्रजीत दोन क्रियापदं होती, एक विचार करण्याचं आणि एक वाटण्याचं. उच्चार जवळचे, पुढं एकात एक मिसळले. ‘मी’ इथं कर्म नाही, चतुर्थी आहे. तसंच ‘लाइक’चं. आज ‘आय लाइक इट’, पण त्या काळी रचना होती ती ‘मला आवडतं’ची : आवडणारी वस्तू कर्ता, ज्याला आवडते तो चतुर्थीत. शेक्सपिअरमध्येही ती अधूनमधून भेटते. इंग्रजीनं हळूहळू सगळ्या अशा वाक्यांत माणसाला कर्त्याच्या खुर्चीवर बसवलं. मराठीनं भूक, तहान, आठवण, आवड, राग या सगळ्यांना माणसाकडे येऊ दिलं, आणि अजून देते.

स्वर बदलून भूतकाळ करणाऱ्या क्रियापदांवर दोन प्रकरणं आहेत. इथं त्यांचा ओझरता उल्लेख करतो. सिंग-सँग-संग हा स्वरांचा खेळ म्हणजे संस्कृत व्याकरणकारांनी ज्याला गुण आणि वृद्धी म्हटलं त्याचाच भाऊ. प्राचीन इंग्रजीत अशी तीनशेहून अधिक क्रियापदं होती. बरीचशी मेली, बरीचशी ‘एड’ लावून सरळ झाली. हेल्पचं भूतकाळी ‘होल्प’ होतं आणि धातुसाधित ‘होल्पन’. मेल्टचं ‘मोल्टन’ आता वितळलेल्या धातूपुरतं विशेषण म्हणून उरलं. ‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांत स आणि र का, याचं उत्तर कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाच्या 1877 साली छापलेल्या लेखात आहे, आणि ते उत्तर वैदिक स्वरांच्या आधारानं मिळालं. धातू वस्, राहणं; आपली ‘वस्ती’ तीच. उवास-मध्ये आघात धातूवर, ऊषुः-मध्ये प्रत्ययावर. जर्मानिक भाषांत आघाताची ती जागा पुढं बदलली, पण व्यंजनावर तिचा ठसा राहून गेला. म्हणजे इंग्रजीचं ‘असणं’ तीन धातूंनी मिळून चालवलंय : अस् (ॲम, इज), भू (बी) आणि वस् (वॉज). ‘गो’चं भूतकाळी ‘वेंट’ हेही दुसऱ्या क्रियापदाकडून आणलेलं, ‘वेंड’कडून. ‘जातो’ आणि ‘गेला’ म्हणणाऱ्यानं हसू नये. आपला ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूचा, ‘गेला’ गम्‌चा.

‘डिड’वर एक वाक्य लिहायलाच हवं. लिट् लकारातलं द्वित्व, ददर्श-बभूवमधलं, इंग्रजीत जवळजवळ नामशेष झालं. ‘डिड’च्या दोन ड-मध्ये ते शिल्लक आहे. आणि बहुतेक अभ्यासक असं मानतात की ‘एड’ हा प्रत्ययही याच क्रियापदाची झीज आहे.

‘गॉड सेव्ह द किंग’मध्ये स नाही, हे ब्रिटिश अमदानीत शाळेत ते गीत म्हणणाऱ्या पोरांना कुणी समजावलं असेल की नाही, कोण जाणे. ‘देव राजाचं रक्षण करतो’ असं विधान ते नाही, ‘करो’ आहे. आशीर्वादात आपण ‘करो, होवो, लाभो’ म्हणतो, तसं.

शेवटी एक इशारा. जुनं दिसणारं सगळं जुनं नसतं. ‘वास्ट’ आणि ‘वॉस्ट’ यांची गल्लत करू नये : वॉट-चा ‘वास्ट’ खरोखर पुरातन, पण वॉज-चा ‘वॉस्ट’ सोळाव्या शतकातली नवी घडण. ‘क्वोथ’च्या शेवटचा थ वर्तमानकाळाचा नाही, ते ‘म्हणाला’ आहे, आणि थ धातूचाच. एडमंड स्पेन्सरनं सोळाव्या शतकाच्या शेवटी ‘यक्लेप्ट’सारखी रूपं मुद्दाम उकरून काढली, आणि बेन जॉन्सननं त्याबद्दल त्याला फटकारलंही. ‘आय विस’ म्हणजे ‘मी जाणतो’ असं एकोणिसाव्या शतकातल्या कवींना वाटे. खरं तर ‘इविस’ हा एकच शब्द होता, अर्थ ‘खचितच’. लेखनिकांनी त्याचा पहिला इ सुटा लिहिला, छापणाऱ्यांनी तो मोठ्या लिपीत घेतला आणि नसलेलं क्रियापद जन्माला आलं. मेकॉलेच्या ‘लेज ऑफ एन्शंट रोम’च्या काही आवृत्त्यांतही ते असं सुटं छापलेलं दिसतं. आपल्याला इंग्रजी शिकवायला निघालेला हाच तो मेकॉले, हे सांगायचा मोह मला आवरला नाही. आणि हल्लीच्या सिनेमांत, जाहिरातींत ‘आय हॅथ’, ‘दाऊ गोएथ’ असं जे बिनदिक्कत चालतं, ते ‘मी जातोस’ म्हणण्यासारखं आहे.

पुस्तकाविषयी दोन शब्द. इंग्रजी रूपं देवनागरीत लिहिताना उच्चाराच्या जवळ राहिलो आहे. पण मराठी थ आणि इंग्रजी थ एक नाहीत, हे वाचताना मनात असू द्यावं. ज्याचं संस्कृत सुटलंय त्यानं पहिली दोन प्रकरणं ओलांडून ‘दाऊ’पासून सुरुवात केली तरी चालेल. शेवटी रूपांची सूची जोडली आहे. ती मूळ क्रियापदाप्रमाणे लावली आहे, रूपाप्रमाणे नाही. त्यामुळं ‘सॉडन’ शोधणाऱ्याला ‘सीद’खाली जावं लागेल. हा शब्द आज पावसात भिजून चिंब झालेल्या कपड्यांना किंवा मैदानाला लावतात. मूळ अर्थ उकडलेलं, शिजवलेलं. 1611 च्या बायबलमध्ये याकोब मसुरीचं कालवण ‘सॉड’ करतो, तेव्हा तो ते चुलीवर शिजवत असतो.